बोटं जाड नाहीत, तारा उंच आहेत

पत्र:

मी 48 वर्षांची, सांगलीतल्या एका शाळेत मराठी शिकवते. लहानपणी गाणं शिकले, गांधर्वच्या प्रवेशिका पूर्णपर्यंत परीक्षा दिल्या. पेटीवर स्वतःपुरती साथ करता येते. काळी चारमध्ये गाते. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्याची कॉलेजातली गिटार कपाटावर पडून राहिली. दिवाळीच्या सुट्टीत ती खाली काढली. गेले दोन महिने व्हिडिओ बघून बघून प्रयत्न करतेय. बोटांची टोकं ठणकतात, तारा दाबल्याच जात नाहीत, आवाज नुसता फट्‌फट् येतो. एफ कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकदम छेडलेल्या काही स्वरांचा जुळलेला गुच्छ) तर सात जन्मांत जमेल असं वाटत नाही. इथल्या एका क्लासला जाऊन आले. सगळी दहा-बारा वर्षांची मुलं. सरांनी माझा हात बघून ‘बोटं जरा जाड आहेत’ म्हटलं आणि पाच रेघांच्या नोटेशनची वही दिली. दोन तासांनंतर गेले नाही. यजमान म्हणतात, पेटी येते ना, मग हा नसता उद्योग कशाला? धाकट्या दिरांकडे त्यांच्या सासऱ्यांची जुनी गिटार आहे, ती हलकी जाईल असं ते म्हणतात. मला मोठं काही नको. स्वतः गाताना साथ करता यावी, पुढच्या गॅदरिंगला एखादं भावगीत म्हणता आलं तरी पुष्कळ. या वयात, या बोटांनी जमेल का? की सोडून देऊ?

– एक वाचक, सांगली

उत्तर:

बाई, गिटार सोडायची की नाही ते नंतर बघू. आधी बोटांना दोष देणं सोडा.

जाड बोटांचे गिटारवाले पायलीला पन्नास सापडतील. बोटांचंच म्हणाल, तर जँगो राइनहार्ट नावाचा गिटारवादक 1928 मध्ये आगीत सापडला आणि त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं कायमची आखडली. पुढे तो सोलो वाजवायचा तो मुख्यतः उरलेल्या दोन बोटांवर, आणि जॅझ गिटारमध्ये आजही त्याचं नाव पहिल्या दोनचारांत घेतात. तुमची बोटं शाबूत आहेत, शिवाय पेटीवर फिरलेली आहेत. क्लासमधल्या सरांनी तुमचा हात बघितला तसा गिटारकडे एक कटाक्ष टाकला असता, तर बरं झालं असतं.

तुमच्या पत्रातल्या तीन तक्रारी (टोकं ठणकतात, तार दाबली जात नाही, फट्‌फट् आवाज येतो) वाचून माझा पहिला संशय गिटारवरच गेला. कॉलेजच्या पोरांनी घेतलेली स्वस्तातली स्टीलच्या तारांची गिटार, वर काही वर्षं कपाटावर पालथी. अशा गिटारमध्ये तारा आणि मान यांच्यातलं अंतर भलतंच वाढलेलं असतं. या अंतराला गिटारवाले ‘ॲक्शन’ म्हणतात. ॲक्शन जास्त असेल, तर विशीतल्या पैलवानालाही एफ कॉर्ड जमणार नाही.

हे घरच्या घरी तपासता येतं. मानेवर ज्या आडव्या धातूच्या पट्ट्या बसवलेल्या असतात, ते फ्रेट. डोक्याकडून मोजत बाराव्या फ्रेटवर या, तिथे बहुधा जोडीने दोन ठिपके असतात. आता घरातली एटीएम कार्डं गोळा करा, ज्यांच्यावरचे आकडे उठावाचे नाहीत अशी गुळगुळीत. कार्ड कुठल्याही बँकेचं असो, जाडी ठरलेली असते, 0.76 मिलिमीटर. ती एकावर एक ठेवून बाराव्या फ्रेटच्या धातूवर टेकवा आणि सगळ्यांत जाड तारेखाली हळूच सरकवून बघा. तार न उचलता तीन कार्डं जेमतेम बसली, तर गिटार ठीक आहे. चार बसली तर चालवून घेता येईल. पाच कार्डं सुळकन आत गेली, तर ती कार्डं पर्समध्ये ठेवा आणि गिटार घेऊन दुरुस्तीवाल्याकडे जा.

दुसरी तपासणी मानेच्या वरच्या टोकाला. तारा जिथे खाचांमधून डोक्याकडे जातात ती छोटी पांढरी पट्टी म्हणजे नट. जाड तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धरा आणि ती पहिल्या फ्रेटच्या धातूपासून किती वर राहते ते बघा. एखादा कागद जाईल इतकीच फट हवी. तिथे कार्ड आत जात असेल, तर नटच्या खाचा उथळ आहेत, त्या खोल करून घ्याव्या लागतील. एफ कॉर्डचं गाडं अडतं ते बहुतेक इथेच. ती कॉर्ड पहिल्या फ्रेटवर, म्हणजे नटला अगदी खेटून असते, तार तिथे सगळ्यांत ताठ लागते, आणि वर एकाच बोटाने सहाच्या सहा तारा दाबायच्या.

काम करून घ्यायला तुम्हाला लांब जायला नको. मिरज हाकेच्या अंतरावर आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण दीडशेहून अधिक वर्षं तिथले सतारमेकर हाडाची घोडी घासून जवारी, म्हणजे तारेची ती झणझण, काढताहेत, त्यासाठी त्यांना मानांकनाची गरज नव्हती. मात्र सगळेच गिटारला हात लावत नाहीत, आधी विचारून घ्या. आणि एक गोष्ट त्यांना स्पष्ट सांगा, हसतील पण सांगा, की इथे जवारी नको आहे. तंबोऱ्याची तार घोडीवर घासून झणझणायला हवी असते. गिटारची तार कशालाही न घासता स्वच्छ बोलायला हवी. गिटारचीच कामं करणारा माणूस कोल्हापुरात किंवा पुण्यात मिळेल, चिरंजीवांना कामाला लावा. गिटार त्यांचीच आहे.

दुरुस्ती करणाऱ्याला म्हणायचं, ‘सेटअप करून द्या, ॲक्शन खाली घ्या’. तो मान वाकली आहे का बघेल, आतला रॉड फिरवून ती सरळ करेल, नटच्या खाचा बघेल आणि खालच्या टोकाचं सॅडल घासेल. सॅडल म्हणजे ब्रिजमध्ये, म्हणजे गिटारच्या अंगावर तारा अडकवलेल्या असतात त्या लाकडी तुकड्यात, बसवलेली हाडाची किंवा प्लॅस्टिकची पट्टी, तारा तिच्यावरून जातात. बाराव्या फ्रेटवर तार 1 मिलिमीटर खाली यायला हवी असेल, तर सॅडल 2 मिलिमीटर घासावं लागतं, कारण बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर येतो. हा हिशेब अशासाठी सांगितला, की घरी कुणी पॉलिश पेपर घेऊन बसू नये. जास्त घासलं गेलं तर पट्टी परत उंच होत नाही. काम चोख झालं तर खर्च नव्या गिटारच्या मानाने किरकोळ येतो.

त्याच वेळी तारा बदलून घ्या. इतकी वर्षं पडलेल्या तारांवर गंज चढलेला असणार, आणि गंजलेल्या तारेवर बोट सरकवणं म्हणजे कानशीवर सरकवणं. ‘एक्स्ट्रा लाइट’ सेट मागा. त्यातली पहिली तार 0.010 इंच जाडीची असते, म्हणून त्याला 10 चा सेट म्हणतात. दुकानदार सवयीने 12 चा सेट पुढे करतो, तो तुम्हाला तूर्त नको. 12 च्या सेटमध्ये सहा तारांचा मिळून ताण सत्तर किलोच्या घरात जातो, आणि त्यातला वाटा तुमच्या बोटांना प्रत्येक कॉर्डला उचलावा लागतो. बारीक तारांचा आवाज थोडा पातळ येईल. गाण्याच्या साथीला तो पुरतो.

आता बसायचं कसं. तुम्ही पेटीवाल्या, म्हणजे सतरंजीवर मांडी घालून बसत असणार. गिटारला ते करू नका. मांडीत तिची मान खाली कलते, डावं मनगट दुमडतं आणि मग बोट तारेवर उभं राहत नाही, आडवं लोळतं. बिनहाताची जेवणाच्या टेबलाची खुर्ची घ्या, गिटार उजव्या मांडीवर, मान किंचित वर. डाव्या हाताची नखं बोटाच्या टोकापलीकडे अजिबात नकोत. उजव्या हातातल्या बांगड्या तेवढा वेळ काढून ठेवा, नाहीतर प्रत्येक फटक्याला टाळ वाजतील.

बोट फ्रेटच्या दोन पट्ट्यांच्या मधोमध ठेवायचं नाही. आवाजाच्या पोकळीच्या बाजूच्या पट्टीला जवळजवळ टेकवून, तिच्या अलीकडे ठेवायचं. मधोमध दाबलं तर जोर जास्त लागतो आणि तार तरीही झणझणते. एकेका तारेवर करून बघा, फरक लगेच कळेल. जोर किती लावायचा हेही असंच शोधा: तारेवर बोट नुसतं टेकवा, उजव्या हाताने छेडत राहा आणि हळूहळू दाब वाढवा. फट्‌फट् संपून जिथे स्वर उमटतो तिथे थांबा. तेवढाच जोर पुरे. नवशिका माणूस त्याच्या कितीतरी पट जोर लावत असतो.

टोकं ठणकणारच. रोज थोडं वाजवलं, तर तीन-चार आठवड्यांत कातडी घट्ट होते. एका बैठकीत पंधरा मिनिटं, दिवसातून दोनदा, हे रविवारी सलग दोन तास बसण्यापेक्षा कितीतरी चांगलं. भांडी घासून किंवा अंघोळ करून लगेच वाजवायला बसू नका, ओल्या मऊ कातडीला तार जास्त कापते. टोकांचं दुखणं सोसायचं, पण मनगट किंवा अंगठ्याचं बूड दुखायला लागलं, बोटांना मुंग्या आल्या, तर तिथल्या तिथे गिटार खाली ठेवा. हे दुखणं सरावाने जात नाही, वाढतं. मग बसणं तपासा, आणि तरीही राहिलं तर डॉक्टर.

इथवर सगळं सुतारकाम झालं. आता गाणं.

तुम्ही ज्या व्हिडिओंवरून शिकताय ते सगळं सी मेजरपासून, म्हणजे पांढरी एकपासून सुरू करतात. त्यात चौथ्या स्वराची कॉर्ड एफ येते आणि निम्मे लोक तिथेच गिटार खुंटीला टांगतात. तुम्हाला पांढरी एकशी देणंघेणंच नाही. तुम्ही काळी चारवाल्या. काळी चार म्हणजे जी शार्प. गिटारवर जी ही कॉर्ड सोपी आहे, आणि पहिल्या फ्रेटवर कॅपो लावला की तोच आकार काळी चारचा होतो. कॅपो म्हणजे मानेला लावायचा चिमटा, वाद्यांच्या दुकानात मिळतो. एक फ्रेट म्हणजे पेटीवरची एक पट्टी, काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून. घसा बसला असेल त्या दिवशी कॅपो काढा, पांढरी पाच मिळेल. आणि कॅपोने नटच्या उंचीचा त्रासही बराच कमी होतो, कारण तारा तिथे पट्टीलगत दाबल्या जातात.

कॅपो लावल्यावर फ्रेट कॅपोपासून मोजायचे, हे एकदा मनात पक्कं करा.

कॉर्ड म्हणजे काय, हे क्लासमधल्या मुलांना वहीतून शिकावं लागतं. तुम्हाला सरगममधून सांगतो. जी म्हणजे सा-ग-प. सी म्हणजे म-ध-सा. डी म्हणजे प-नी-रे. ई मायनर म्हणजे ध-सा-ग. या चार कॉर्ड्समध्ये शुद्ध स्वरांचं सप्तक सगळं आलं, आणि शुद्ध स्वरांतली पुष्कळशी भावगीतं यांच्यावर निघतात. गाण्याची ओळ ज्या स्वरावर टेकते तो स्वर कुठल्या कॉर्डमध्ये आहे ते बघायचं आणि ती लावायची. ओळ पंचमावर टेकली, तर जी किंवा डी. धैवतावर टेकली, तर सी किंवा ई मायनर. दोन लागत असतील, तर दोन्ही वाजवून बघा, तुमचा कान निवडेल. पेटीवर इतकी वर्षं बसलेल्या माणसाला यासाठी पाच रेघांची वही लागत नाही.

आता डाव्या हाताची खरी युक्ती. तारा खालून, म्हणजे जमिनीकडून मोजतात. सगळ्यांत बारीक ती पहिली. अनामिका दुसऱ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला ठेवा आणि करंगळी पहिल्या तारेवर तिसऱ्याच फ्रेटला. ही दोन बोटं तिथेच राहू द्या. ती काय धरून बसली आहेत माहीत आहे? अनामिका पंचमावर आणि करंगळी षड्जावर. म्हणजे तंबोऱ्याच्या दोन तारा तुम्ही दोन बोटांनी धरल्या. आता फक्त तर्जनी आणि मधलं बोट हलवायचं. मधलं सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला आणि तर्जनी पाचव्या तारेवर दुसऱ्याला: ही झाली जी. तीच दोन बोटं जशीच्या तशी एकेक तार जमिनीकडे सरकवा: सी झाली, फक्त सहावी तार छेडायची नाही. परत जीवर या, तर्जनी जागची हलवू नका आणि मधलं बोट चौथ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला आणा: ई मायनर. डीसाठी मधलं उचला, तर्जनी तिसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला न्या आणि चौथ्या तारेपासून खाली छेडा.

पुस्तकात काटेकोर पाहिलं, तर जी सोडून बाकी तीन कॉर्ड्सना याहून लांब नावं आहेत, कारण त्यात सा-प जास्तीचे मिसळले आहेत, आणि या डीमध्ये निषादाच्या जागी षड्ज आलाय. मुलाने ‘आई, ही खरी डी नाही’ म्हटलं तर म्हणू द्या. आपल्या गाण्याला मागे सा-प घुमत राहणं कधीच खटकत नाही. आणि दोन बोटं कायम जागेवर असल्यामुळे कॉर्ड बदलताना हात चाचपडत नाही. करंगळी सुरुवातीला बंड करेल. पहिले काही दिवस फक्त अनामिका आणि करंगळी ठेवून खालच्या चार तारा छेडा, बाकीची बोटं नंतर.

तारा लावायला मोबाइलवरचा ट्यूनर वापरा. पेटीच्या भाषेत सहावीपासून पहिलीपर्यंत त्या अशा: पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात, आणि पुन्हा तीन. ही जुळवणी कॅपो काढून करायची. पेटीवरून कान पक्का करा, पण सप्तक चुकलं तर तार तुटते, आणि तुटते ती बहुधा पहिली. म्हणून आकडा ट्यूनरवरच बघा. एक गोष्ट तुमच्या कानाला टोचेल: गांधार किंचित चढा वाटेल. तंबोऱ्यातून ऐकू येतो त्या गांधारापेक्षा गिटारचा गांधार अर्ध्या स्वराच्या साधारण सातव्या भागाइतका वर असतो. पेटीचाही असतो, तिथे सवय झाली आहे. तार पिळून तो सुधारायला जाऊ नका, बाकीच्या कॉर्ड्स बिघडतील.

उजव्या हाताबद्दल व्हिडिओत बाण काढून दाखवतात, खाली-खाली-वर-वर-खाली-वर. ते पाठ करत बसू नका. तुम्हाला केरवा येतो. डावा तळवा तारांवर सैल ठेवून त्यांचा आवाज बंद करा आणि तोंडाने ‘धा गे ना ती न क धी न’ म्हणत उजवा हात चालू करा: पहिल्या मात्रेला खाली, दुसरीला वर, तिसरीला खाली, असा आठही मात्रा. हात थांबवायचा नाही. मात्रा गाळायची असेल तरी हात हवेत फिरवायचा, तारेला लावायचा नाही. दोनचार मात्रा अशा गाळल्या की व्हिडिओतले सगळे बाण आपोआप येतात. समेला वजन, पाचवीला हात हलका. दादऱ्यात ‘धा’ला अंगठ्याने जाड तार आणि पुढच्या दोन मात्रांना बारीक तारांवर हलका हात: धा धी ना, धा ती ना. हे मुक्या तारांवर बसलं की मगच डावा हात कॉर्डवर न्या.

कॉर्ड बदलायची समेवर, पण हात उचलायचा त्याआधीच्या शेवटच्या मात्रेला. त्या मात्रेला मोकळ्या तारा वाजतील, वाजू द्या. चांगले चांगले वाजवणारे हेच करतात, ऐकणाऱ्याला कळतही नाही. बोट नीट बसेपर्यंत ठेका थांबवणं मात्र कान पकडून बंद करा. सूर चुकला तर चुकू दे, लय तुटता कामा नये. रोज मिनिटभर घड्याळ लावून जी आणि सी एवढीच अदलाबदल करा आणि किती वेळा झाली ते मोजा. मिनिटाला तीस व्हायला लागली की संथ गाणं गाता गाता वाजवता येईल.

काही गाणी सध्या बाजूला ठेवा. भैरवी, तोडी, जिथे कोमल रिषभ आणि कोमल धैवत येतात, तिथे या चार कॉर्ड्स लावल्या की गाण्याचा चेहरामोहरा बदलतो. अशा गाण्यांना कॉर्ड लावूच नका. कॅपो पहिल्या फ्रेटवर ठेवून चौथी आणि तिसरी तार मोकळी छेडत राहा. चौथी प, तिसरी सा. गिटारचा तंबोरा करा आणि सुखाने गा. तसंच गळ्यातली मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, गिटारवर काढायचा हट्ट आत्ता नको. पडद्यांवर, म्हणजे फ्रेटवर, ती नीट उतरत नाही.

त्यावरून दिरांची गिटार. सासऱ्यांच्या पिढीतली आहे म्हणता, म्हणजे ती हवाईयन असण्याची दाट शक्यता. एके काळी आपल्याकडे गिटार म्हटलं की तीच असायची. ती मांडीवर आडवी ठेवून तारांवर लोखंडी कांडी सरकवून वाजवतात, मींडेसाठी फार गोड. ब्रिजभूषण काब्रांनी याच पद्धतीने रागसंगीत वाजवलं, आणि विश्वमोहन भट्टांनी त्यातूनच मोहनवीणा घडवली. पण कांडी पडद्यांना लागू नये म्हणून तिच्या तारा मुद्दामच उंच बांधलेल्या असतात. हलकी जाण्याऐवजी तुमची बोटं सोलून निघतील. दिरांना म्हणावं, ती विकू नका, सांभाळा. आपल्याला मात्र नको.

सेटअप करणारा म्हणाला की मुलाची गिटार दुरुस्तीपलीकडे गेली आहे, तरच नवी घ्या. नायलॉनच्या तारा बोटांना मऊ, पण त्या गिटारची मान रुंद असते: 52 मिलिमीटरच्या आसपास, स्टीलवालीची 43. वर सांगितलेला दोन बोटांचा खुंटा रुंद मानेवर जरा ताणला जातो. म्हणून तुम्हाला स्टीलचीच, बारीक तारांची बरी, असं माझं मत. दुकानातून उचलण्याआधी तिथेच कार्डं सरकवून बघायला लाजू नका. आणि मुलाच्या गिटारला नायलॉनच्या किंवा नायलॉनवालीला स्टीलच्या, अशी तारांची अदलाबदल कुणी सुचवली तर ऐकू नका. नायलॉनवालीचा ब्रिज स्टीलच्या ताणाने उखडून येतो.

क्लासचं म्हणाल, तर जा, पण त्या क्लासला नको. मुलांना ग्रेडच्या परीक्षा द्यायच्या असतात, त्यांना ती वही लागते. तुम्ही एकटीला शिकवेल असा कुणीतरी बघा आणि पहिल्याच दिवशी सांगा: मला परीक्षा द्यायची नाही, गाताना साथ करायची आहे, मी काळी चारमध्ये गाते. यावर त्याने कॅपो काढला, तर माणूस कामाचा. दोन-तीन महिने, आठवड्यातून एकदा पुरे. बसणं, मनगट, अंगठा या गोष्टी समोरच्या डोळस माणसालाच दिसतात. व्हिडिओ तुम्हाला दिसतो, तुम्ही व्हिडिओला दिसत नाही. सोबत व्हिडिओ बघायचे असतील, तर एकाच शिक्षकाचे, क्रमाने.

यजमानांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. पेटी येते, खरंय. पण पेटीवर तुम्ही गळ्याच्या मागोमाग जाता, गळा म्हणेल तो स्वर बोटाखाली. गिटारवर बोटं ठेका धरतात आणि गळा मोकळा राहतो. गाताना हा फरक अंगाला कळतो, वाद घालून पटवता येणार नाही. त्यांना सध्या एक काम द्या: घड्याळ लावून तुमची कॉर्ड्सची अदलाबदल मोजायला बसवा.

पावसाळ्यात गिटार बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. लाकूड ओल पितं, फुगतं आणि कष्टाने खाली आणलेली ॲक्शन पुन्हा वर चढते. सप्टेंबरात कार्डांची तपासणी परत एकदा करा. वाजवून झालं की कोरड्या फडक्याने तारा पुसा, विशेषतः केसांना तेल लावलेल्या हाताने वाजवलं असेल तर. आणि ती कपाटावर परत जाऊ देऊ नका. येता-जाता हात जाईल अशी कोपऱ्यात स्टँडवर उभी ठेवा.

पुढच्या गॅदरिंगला अजून जवळजवळ वर्ष आहे. शुद्ध स्वरांचं, मध्य लयीतलं, दोन किंवा तीन कॉर्ड्सचं गाणं आत्ताच निवडा आणि गणपतीत घरच्यांसमोर एकदा म्हणून घ्या. शाळेच्या स्टेजवर माइक दोन लागतील, एक गळ्यासमोर आणि एक गिटारच्या पोकळीपाशी. माइकवाल्याला ते आदल्या दिवशी सांगा, ऐन वेळी तो एकच देतो. आणि पडद्यामागे कॅपो लावून झाल्यावर ट्यूनर पुन्हा एकदा बघा, त्या वेळी सगळ्या तारा अर्थातच एक पट्टी वर दिसतील, तेवढं धरून चाला. कॅपोच्या दाबाने त्या त्याहूनही बहुतेक वेळा किंचित चढतात, आणि ते तुमच्या कानाला पहिल्याच ओळीत कळेल.